हंस नंतर वाढ

लिपोवा, ४ ऑक्टोबर १७७४

ती. सौ. रोझिनाताईस,
धाकट्या मातोशचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुक्या नासपतींची पिशवी पोचली. नासपती माझ्या वाट्याला फारशा आल्या नाहीत, कारण त्या वेळी अपोलेना स्वयंपाकघरात अंडी द्यायला आली होती. ही अपोलेना कोण, असं तू खोचकपणे विचारलं आहेस. तर ती इथल्या रानरखवालदाराची मुलगी. उंच आहे, हसरी आहे, मी केलेलं काहीही खाते आणि मग त्यात काय चुकलं ते सांगते. तिच्याशी लग्न करायचं माझं ठरलं आहे. तिचंही ठरलं आहे. काउंटसाहेबांचं ठरायचं आहे, आणि त्यांची सही नसेल तर पाद्री आम्हाला दारातही उभं करणार नाही.

मी इथे स्वयंपाकी म्हणून लागलो ते हाताच्या चवीमुळे नव्हे, हे तुला ठाऊक आहे. साहेबांना व्हायोला वाजवणारा हवा होता, आणि त्याला रांधता आलं तर बरं, एवढंच होतं. या हवेलीत सगळे असेच दुहेरी आहेत. कायेतान साहेबांची दाढी करतो आणि पहिलं व्हायोलिन वाजवतो. दाढी चांगली करतो, एवढं त्याच्याबद्दल बरं लिहिता येईल. फादर प्रोकोप प्रार्थना सांगतात आणि दुसरं व्हायोलिन वाजवतात. चेलो घेऊन बसतात ते खुद्द साहेब. रोज दुपारचं जेवण झालं की आम्ही चौघे तोंडाकडे तोंड करून बसतो. ऐकायला कुणी नसतं, आणि ते एका अर्थी बरंच आहे.

आजवर माझं निभावलं, कारण जुन्या रचनांत व्हायोलाला काम ते काय? चेलो जाईल तिकडे त्याच्या मागून जायचं, वरातीत नवऱ्याच्या मामाने चालावं तसं. पण कायेतानने व्हिएन्नाहून नव्या तऱ्हेच्या चौकड्यांचा, म्हणजे चौघांनी मिळून वाजवायच्या रचनांचा, गठ्ठा आणला आहे. त्यात म्हणे चौघांनी चार शहाण्या माणसांसारखं बोलायचं, कुणी कुणाचा नोकर नाही. शेवटचा भाग तर नुसती पळापळ आहे. कायेतान एक धून घेऊन पळत सुटतो, मग तीच धून घेऊन फादर, मग मी, मग साहेब. माझी पाळी आली की तोंडचं पाणी पळतं.

खरी अडचण तर लिहितानाही इकडेतिकडे पाहून लिहितो आहे. साहेब माझ्याहून आधी चुकतात. चुकले की थांबतात, खुंटी पिळतात आणि म्हणतात की तार उतरली. लगेच कायेतान म्हणतो, तार नाही साहेब, स्वयंपाकी मागे ओढतो. आता साहेब चुकले असं स्वयंपाक्याने कुठल्या तोंडाने म्हणावं? मी मान खाली घालतो. कायेतानचा एक मावसभाऊ ब्रनोला आहे, व्हायोला वाजवतो आणि स्वयंपाकही करतो, हे तो रोज दाढी करता करता साहेबांच्या कानात घालतो.

मी परवा धीर करून लग्नाचं विचारलं. साहेब म्हणाले, ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, माझा नामदिन आहे, थोरल्या मावशी येणार आहेत, त्या दिवशी ही पळापळ मधे न थांबता शेवटापर्यंत पोचली तर सही करीन; नाही पोचली तर व्हायोलाचा आणि स्वयंपाकघराचा, दोन्हींचा नव्याने विचार करावा लागेल. त्यानंतर लवकरच नाताळाआधीचा ॲडव्हेंटचा उपासकाळ लागतो, म्हणजे नाताळ उलटेपर्यंत लग्न बंद. अपोलेनाचे वडील तेवढे थांबायचे नाहीत. पलीकडच्या गावचा गिरणीवाला आत्तापासूनच त्यांना फुकट दळून देतो आहे.

ताई, काहीतरी सुचव. भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ माझं वाजवणं ऐकूनही टिकला आहे, तसाच पुढे टिकवावास.

तुझा,
मातोश

---

झालेसी, १० ऑक्टोबर १७७४

चि. मातोशास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अपोलेनाबद्दल वाचून आनंद झाला. जी मुलगी खाते आणि मग चूक सांगते ती आपल्या घरात शोभेल. नासपती पुन्हा पाठवीन, पण या वेळी पिशवीवर तिचंच नाव घालीन, म्हणजे तुझा जीव जळायला नको.

आता तुझं रडगाणं. बाबांनी आपल्या दोघांना एकाच खोलीत, एकाच व्हायोलावर शिकवलं. मी सूर घासत बसायची आणि तू मागच्या दाराने आईच्या चुलीपाशी पळायचास. तेव्हा बाबा म्हणायचे की या पोराच्या हाताला पळी जास्त लागते. लागली, आणि तिनेच तुला नोकरी दिली, असं म्हणून ते हसले असते. असो. मी बोलायची थांबते.

मला त्या पळापळीचा तुझा सुरांचा कागद उतरवून पाठव. सगळ्यांचे नकोत, तुझा एकट्याचा. बाबांचा व्हायोला माझ्याकडे खुंटीवर आहे. तुझे भाऊजी शाळेत गेले की मी दार लावून वाजवून पाहीन आणि कुठे कसं बोट ठेवायचं ते लिहून कळवीन. दार लावते, कारण मागे खिडकी उघडी राहिली होती तर पाद्रीबुवा भाऊजींना म्हणाले की मास्तरांच्या बायकोने हनुवटीखाली लाकूड धरणं बरं दिसत नाही. नाताळच्या रात्री चर्चच्या माडीवरच्या वादकांपैकी कुणी आजारी पडला की मात्र हेच बुवा मला बोलावतात. तेव्हा अंधार असतो ना.

पोटाला नीट खात जा. स्वयंपाकी उपाशी राहतात हे मी आईकडे पाहिलं आहे.

तुझी रागे भरणारी पण तुझ्याच बाजूची,
रोझिना

---

लिपोवा, २० ऑक्टोबर १७७४

ती. सौ. रोझिनाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

कागद सोबत उतरवून पाठवला आहे. एका कोपऱ्यावर लोण्याचा डाग आहे, तो सूर समजून वाजवू नकोस.

ताई, मला मोठा शोध लागला आहे. मागच्या रविवारी मी हंस भाजला होता, सोबत त्याच्याच चरबीत घोळलेले क्नेडलिक, चांगले मुठीएवढे कणकेचे गोळे, आणि वर काळी बिअर. जेवणं झाली आणि आम्ही वाजवायला बसलो. कायेतानचे डोळे अर्धे मिटलेले, फादर प्रोकोप तर दोन सुरांच्या मधे ढेकर देत होते. ती पळापळ सुरू झाली खरी, पण बैलगाडी चढाला लागावी अशी. मला प्रत्येक सूर येताना दिसत होता. साहेब शेवटच्या वळणापर्यंत पोचले आणि मगच त्यांची तार उतरली.

मग मी ताडून पाहिलं. मंगळवारी भाजीचं पातळ सूप आणि भाजलेला मासा दिला, तर कायेतान असा सुटला की फादरांची टोपी पडली. गुरुवारी डुकराची मांडी आणि पुन्हा क्नेडलिक दिले, तर लय पुन्हा जड. म्हणजे लय माझ्या चुलीवर ठरते, ताई. सगळ्या व्हिएन्नाला हे माहीत नसेल. मार्टिनच्या सणाला हंस तर असतोच. मी दुप्पट चरबी घालीन, क्नेडलिक तिप्पट करीन, आणि आम्ही चौघे डुलत डुलत शेवटाला पोचू.

अपोलेनाला हे सांगितलं तर ती म्हणाली की सराव करायला याहून कमी कष्ट पडले असते. तुमचं दोघींचं फार जमेल.

भाऊजींना नमस्कार. ताईची माया आणि रागे भरणं, दोन्ही चालू असू दे.

तुझा,
मातोश

---

झालेसी, २७ ऑक्टोबर १७७४

चि. मातोशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अपोलेनाला माझा खास आशीर्वाद सांग. ती बोलली ते मी लिहिणार होते.

तुझा कागद वाजवला. आधी चुलीशेजारी हळू, मग जिन्याखाली बसून जोरात. कुठे कुठलं बोट ते खालच्या चिठ्ठीत मांडलं आहे. बारीक पळती जागा आहे ना, ती कणीक मळताना तोंडाने म्हणत जा, बाबा आपल्याला तसंच करायला लावायचे. गळ्यात बसली की हातात उतरेल. हंसाच्या भरवशावर राहू नकोस. हंस मेलेला असतो, त्याच्याकडून किती अपेक्षा करायच्या?

आता एक माझं काम. मी कागद वाजवते खरी, पण मधेच तो गप्प होतो, मग एकदम उसळून काहीतरी बोलतो आणि पुन्हा गप्प. भिंतीपलीकडे चौघे बोलत असावेत आणि आपल्याला एकाचंच ऐकू यावं, तसं होतं. कशाला उत्तर देतो आहे हा? कुणावर रागावला? मी तीनदा वाजवलं आणि तिन्हीदा मनाने वेगवेगळं भांडण रचलं. खरं सांगू, मला वाईट वाटलं. एवढी वर्षं मी वाजवते आहे, पण चौघांमधे बसून कधी वाजवलं नाही, आणि आता बसेन असंही नाही. तेव्हा तू माझ्यासाठी ऐक. तू गप्प असतोस तेव्हा शेजारी साहेबांचा चेलो काय म्हणतो ते नीट लक्षात ठेव आणि मला लिही. कायेतानचं नको, तो काय म्हणत असेल ते मला न ऐकताही कळतं.

भाऊजी विचारत होते की जिन्याखाली कसला आवाज येतो. मांजर आहे म्हटलं. ते म्हणाले, मांजर सुरात आहे.

आशीर्वादांत खंड नाही, सरावात तुझ्याही पडू नये.
रोझिना

---

लिपोवा, ५ नोव्हेंबर १७७४

ती. सौ. रोझिनाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या बोटांच्या चिठ्ठीने जादू केली. पळती जागा आता हातात बसली आहे, म्हणजे सावकाश असेल तर. कणीक मळताना मी ती म्हणतो, तर भांडी घासणाऱ्या बायकाही म्हणायला लागल्या आहेत. कायेतान स्वयंपाकघरात गरम पाणी मागायला आला, त्याने ते ऐकलं आणि म्हणाला की अरे वा, चौथा वादक नाही तर निदान मोरी तरी सुरात आहे.

तू सांगितलंस म्हणून मी साहेबांचा चेलो ऐकतो आहे. इतके महिने शेजारी बसलो पण ते काय वाजवतात हे कधी कानावर घेतलं नव्हतं, ते कधी थांबतील याचीच धास्ती. तर ऐक. तू जिथे उसळून बोलतेस त्याच्या आधी चेलो तीच धून खाली, अगदी तळाशी, दबकत म्हणतो, आणि अर्ध्यावर सोडून देतो. तू ती उचलतेस. भांडण नाही ते, ताई. एकाला पुढचं आठवत नाही आणि दुसरा ते सांगतो, असं आहे. तुझ्यासाठी रोज ऐकून ऐकून आता साहेबांचा कागद मला पाठ झाला आहे. एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. साहेब वाजवताना ओठांत मोजत असतात, लहान मुलासारखे, आणि घामाने त्यांचा टोप ओला होतो. त्यांना भीती वाटते हे मला आजवर कळलंच नव्हतं.

बाकी सगळी तयारी झाली. तीन हंस खुराड्यात खाऊन खाऊन चालेनासे झाले आहेत. चरबीचं भांडं भरलं आहे. थोरल्या मावशी परवा आल्या. त्या सरदारघराण्यातल्या बायकांच्या मठात असतात, फार कडक आहेत, पण मोठ्याने हसतात. फादर प्रोकोप रोज स्वयंपाकघरात येऊन हंसांना पाहून जातात आणि काही न बोलता परत जातात. त्यांचं हंसांवर असलेलं प्रेम पाहून मला भरून येतं.

अपोलेनाच्या वडिलांनाही बोलावलं आहे, दाराशी उभं राहून ऐकतील. माझ्यासाठी मेणबत्ती लाव. लोभ आहेच, त्यात सणापुरती थोडी भर घाल.

तुझा,
मातोश

---

झालेसी, ८ नोव्हेंबर १७७४

मातोश,

आशीर्वाद वगैरे सगळे आहेत असं समज, गाडीवाला दारात उभा आहे.

अरे, पंचांग पाहिलंस का? तुझं पत्र भाऊजींना वाचून दाखवलं तर ते हसत हसत खुर्चीवरून घसरले. यंदा मार्टिनचा सण शुक्रवारी आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य, मग हंस कसला भाजतोस? मावशी मठातल्या, त्यांच्यासमोर तू मांस मांडणार होतास? आणि ज्या फादरांच्या प्रेमाने तुला भरून येतं, त्यांना हे ठाऊक नाही असं तुला वाटतं? कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते गप्प आहेत.

हे वेळेत पोचेल असं वाटत नाही. पोचलं तर सराव कर. नाही पोचलं तर देव तुझ्या पाठीशी असो.

रोझिना

---

लिपोवा, १२ नोव्हेंबर १७७४

ती. सौ. रोझिनाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज पोचलं, म्हणजे एक दिवस उशिरा. आता क्रमाने सांगतो.

काल सकाळी मी हंस शेगडीवर चढवणार, तेवढ्यात मावशींची दासी आली आणि विचारू लागली की आज मासा कुठला. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, आज शुक्रवार, आणि बाईसाहेब शुक्रवारी लोणी आणि अंडंही घेत नाहीत, त्यामुळे मेजावर दुसरं कुणीही ते घेणार नाही. मार्टिन म्हटलं की हंस, हे आपल्या लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की वार कुणी पाहिलाच नव्हता. मी फादरांकडे धावलो. ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, मला वाटलं होतं कुणाला आठवणार नाही.

मग काय, पाण्यात शिजवलेला कार्प मासा, कोबीचं पातळ पाणी आणि कोरडी भाकरी. जेवून उठलो तेव्हा चौघेही चिमणीएवढे हलके होतो. कायेतान तर बोटांच्या टोकांवर चालत होता. फादर भुकेने चिडलेले, त्यांना काहीही करून लवकर संपवायचं होतं. मावशी आरामखुर्चीत बसल्या. दाराशी अपोलेना आणि तिचे वडील. मला तुझ्या मेणबत्तीची आठवण झाली.

पहिले भाग कसेबसे पार पडले. मग पळापळ. कायेतान जो सुटला तो मागे वळून पाहीना, फादर त्याच्या मागे. मी माझ्या पाळीला उडी घेतली आणि, ताई, तुझ्या बोटांनी मला धरून ठेवलं. धापा टाकत का होईना, मी त्यांच्यासोबत होतो. मग साहेब आले आणि दुसऱ्याच वळणावर त्यांचा पाय घसरला. ओठ मोजायचे थांबले. डावा हात खुंटीकडे निघाला. मी तो हात पाहत होतो. तो खुंटीला लागला की माझं लग्न, नोकरी, सगळं संपलं होतं.

मी माझा कागद सोडला. काय करतो आहे ते मलाच कळलं नाही. इतके महिने जुन्या रचनांत चेलोच्या मागे चालायची सवय, आणि तुझ्यासाठी पाठ केलेली त्यांची ओळ. मी त्यांची धून, जिथे ती सुटली होती तिथूनच, त्यांच्या वरच्या सुरात हळू वाजवायला लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात खुंटीपर्यंत न जाता परत आला. मग आम्ही दोघे आमच्या चालीने निघालो. कायेतान आणि फादर कधीच पुढे गेले होते. त्यांचं संपलं, कायेतानने ऐटीत गज वर धरला, आणि पाहतो तो आम्ही अजून वाटेतच. सगळ्या दिवाणखान्यात फक्त खालचे दोन आवाज. साहेब घाबरले नव्हते. मलाही घाई नव्हती. शेवटचा सूर आम्ही इतका बरोबर मिटवला की माझे डोळे भरून आले.

मावशी म्हणाल्या, हे नवं वळण मला फार आवडलं, वरचे दोघे बडबड करून दमले की खालचे दोघे समजुतीने संपवतात. कायेतानचा चेहरा भिजलेल्या ब्रशासारखा झाला. तो म्हणाला, साहेब, हे बरोबर नाही, एकत्र संपायला हवं होतं. साहेब म्हणाले, मी न थांबता पोचायची अट घातली होती, एकत्र पोचायची नाही. आणि तिथेच सही केली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की आजवर मी चुकलो की सगळे माझ्यासाठी थांबले, माझ्याबरोबर चाललं कुणी नाही. मग जरा घुटमळून म्हणाले, हंसाच्या दिवशी मी नेहमी बरा वाजवतो, तुझ्या लक्षात आलं असेल, म्हणूनच मी तीन पाळायला सांगितले होते.

लग्न २२ तारखेला, मंगळवारी. अपोलेनाचे वडील मला मिठी मारताना म्हणाले की दळणाचं नुकसान झालं, पण ठीक आहे. आता मुख्य गोष्ट. साहेबांना लग्नात तीच चौकडी हवी आहे, आणि नवरदेवाने स्वतःच्या लग्नात वाजवत बसायचं नाही, असं अपोलेनाने बजावलं आहे. व्हायोलाची खुर्ची रिकामी आहे. कायेतानने लगेच ब्रनोचं नाव काढलं. मी साहेबांना सांगितलं की ज्या बोटांनी काल मला धरून ठेवलं ती माझ्या बहिणीची आहेत. त्यांच्या भुवया वर गेल्या. पण मावशी म्हणाल्या, यात पाहण्यासारखं काय आहे, आमच्या मठात चारही वाद्यं बायकाच वाजवतात, कुणाच्या हनुवटीला काही झालेलं नाही.

तेव्हा बाबांचा व्हायोला घेऊन ये. भाऊजींनाही आण. दिवसाढवळ्या, खिडक्या उघड्या ठेवून वाजवायचं आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
मातोश

---

झालेसी, १६ नोव्हेंबर १७७४

चि. मातोशास,
तुला आणि अपोलेनाला उदंड आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी पहिल्यांदा जिन्याखाली जाऊन बसले आणि रडले. भाऊजी खाली वाकून म्हणाले की आज मांजर सुरात नाही. मग त्यांनी पत्र वाचलं, आणि खुंटीवरचा व्हायोला काढून पुसायला घेतला. पाद्रीबुवांकडे जाऊन त्यांनी सांगून टाकलं की आम्ही सोमवारी निघतो, आणि कशासाठी तेही सांगितलं. बुवा म्हणाले, मावशी मठातल्या आहेत तर मग ठीक आहे.

मी घाबरले आहे, खोटं कशाला लिहू? कागद पाठ आहे, पण तिघांचे आवाज एकदम कानावर येतील तेव्हा माझं बोलणं मला आठवेल का, ही धास्ती आहे. मग तुझे साहेब आठवतात, ओठांत मोजणारे. आम्ही दोघे शेजारी शेजारी घाबरू. त्यांना सांगून ठेव की खुंटीला हात लावायचा नाही, अर्ध्यावर सुटलं तर पुढचं मी सांगेन.

कायेतानलाही सांग, त्याने हवं तेवढं पळावं. मी जिन्याखाली एकटीने इतकी वर्षं पळते आहे, आता कुणाबरोबर तरी पळायचं आहे. म्हणून तुला, नवरदेवाला, एक शेवटचं काम सांगते, आणि यात तुझा शहाणपणा चालवू नकोस. लग्न मंगळवारी आहे, तीन हंस तुझ्या खुराड्यात आहेत, आणि तुझा शोध मला ठाऊक आहे. वाजवण्याआधी सगळ्यांना नुसतं पातळ सूप दे. फादर रुसले तरी चालतील. हंस नंतर वाढ.

येईपर्यंत लोभ जपून ठेव. आल्यावर समोरच बसून मागून घेईन.

तुझी,
रोझिना